तुम्ही विचारलंत म्हणून: स्वभाव रक्तातून किती, घरातून किती?

पालकसभा आटोपली, लग्नाची बोलणी निघाली किंवा अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा हातात आलं की हमखास विचारलं जातं: "स्वभाव रक्तातून किती येतो आणि घरातून किती? टक्क्यांत सांगा." विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं, खाण तशी माती.

टक्के आहेत आणि ते सांगतो. २०१५ साली जुळ्या भावंडांवरचे पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र केले गेले: २,७४८ शोधनिबंध, १७,८०४ गुणविशेष. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के निघाला. मनमिळाऊपणा, चिंताळूपणा, नेटकेपणा अशा स्वभावाच्या अंगांसाठी तो साधारण ४० ते ५० असतो. आता हा आकडा कशाचा, ते नीट बघू, कारण घोळ इथेच होतो. निम्मा स्वभाव आईबापांचा आणि निम्मा शेजारपाजाराचा असा त्याचा अर्थ घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे.

गोव्यातल्या खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खारट जमिनीतल्या शेतीचं, उदाहरण घ्या. कोरगुट भात खारं पाणी सोसतं, म्हणून खाजनात पिढ्यान्‌पिढ्या तेच पेरलं गेलं. जया हे सुधारित वाण गोड्या पाण्याच्या खेर जमिनीत कोरगुटापेक्षा जास्त पिकतं. दोन्ही बियाणी मिसळून एकाच खेर कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) पेरली, खत-पाणी सारखं दिलं, तर रोपारोपांत दिसेल तो फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा. आनुवंशिकतेचा वाटा शंभराच्या आसपास. मग नुसतं जया घ्या. अर्धं खेर जमिनीत लावा, अर्धं मानशीची (बांधातल्या, खारं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं मोडून खारं पाणी आत आलेल्या खाजनात. आता फरक भरपूर दिसेल, पण बियाणं एकच असल्यामुळे त्यात बियाण्याचा वाटा शून्य. जयाची जनुकं तीच राहिली, आकडा मात्र शंभरावरून शून्यावर आला. म्हणजे हा आकडा रोपाचा नसतोच. एका ठरावीक शेतातल्या, ठरावीक हंगामातल्या फरकांचा तो हिशेब असतो. एका रोपाच्या लोंबीत बी किती आणि माती किती, हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण दोन्हींपैकी एक काढलं तरी लोंबी राहत नाही.

तुमच्या मुलाचा हट्टीपणा ४५ टक्के आनुवंशिक आहे, हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. अमुक लोकसंख्येत हट्टीपणाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आहे, त्यातला ४५ टक्के जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, एवढंच म्हणता येतं. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात. तरी मोठ्या माणसांच्या बोटांच्या संख्येतल्या फरकात जनुकांचा वाटा अगदी थोडा, कारण ज्यांना बोट कमी असतं त्यांतल्या बहुतेकांचं ते अपघातात गेलेलं असतं.

हा आकडा काढतात कसा, ते विद्यार्थ्यांनी एकदा तरी हातानं करून बघावं. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी. द्विबीज जुळ्यांची, माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी, सरासरी निम्मी सारखी, म्हणजे कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकी. दोन्ही प्रकारच्या भरपूर जोड्या घ्यायच्या, सगळ्यांना एकच प्रश्नावली द्यायची आणि प्रत्येक गटात जोडीतल्या दोघांच्या गुणांचा सहसंबंध काढायचा, म्हणजे दोघांचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा: काहीच जुळत नसतील तर ०, पुरते जुळत असतील तर १. समजा एकबीज गटात तो ०.४६ आला आणि द्विबीज गटात ०.२४. फरक ०.२२, त्याची दुप्पट ०.४४: हा जनुकांचा वाटा. द्विबीज सहसंबंधाच्या दुपटीतून एकबीज सहसंबंध वजा केला की ०.०२ उरतात: भावंडांना एकमेकांसारखं करणाऱ्या घरच्या वातावरणाचा हा वाटा. आणि १ मधून ०.४६ वजा केले की ०.५४: ज्याचं त्याचं वेगळं वातावरण, अधिक मोजमापातली चूक. ही शेवटची चूक विसरू नका. प्रश्नावलीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर उत्तर किती जुळतं ते) ०.८० असेल तर त्या ०.५४ पैकी ०.२० ही नुसती मोजपट्टीची ढिलाई आहे.

आता हे कुठे फसतं. जुळी एकबीज की द्विबीज हे पुष्कळदा वार (प्लॅसेंटा) मोजून ठरवलं जातं: वार एक तर एकबीज, दोन तर द्विबीज. पण सुमारे एक तृतीयांश एकबीज जुळ्यांना दोन वेगळ्या वारा असतात. त्यामुळे गालाच्या आतून नमुना घेऊन डीएनए तपासलेला बरा. दुसरी चूक जास्त चोरटी. प्रश्नावली आईनं भरली असेल तर ती द्विबीज मुलांची एकमेकांशी तुलना करते, "हा गरीब, तो दांडगट" असं म्हणते आणि आहे तो फरक फुगवते. मग द्विबीज सहसंबंध नको इतका खाली येतो, कधी शून्याखालीही जातो, आणि वरच्या सूत्रातून जनुकांचा वाटा वाढून निघतो. एकबीज सहसंबंध द्विबीजाच्या दुपटीहून जास्त दिसला की आधी विचारा, फॉर्म कुणी भरला?

तिसरा आक्षेप सगळेच घेतात: एकबीज जुळ्यांना कपडे सारखे, वर्ग एक, लोक वागवतातही सारखं, मग साम्य त्यातून आलं नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि तो तपासला गेला आहे. काही आईबाप आपली मुलं कोणत्या प्रकारची जुळी आहेत हेच चुकीचं धरून चालतात. अशा जोड्यांतलं साम्य बहुतेक बाबतींत आईबापांच्या समजुतीप्रमाणे नव्हे, तर खऱ्या प्रकाराप्रमाणे येतं.

वर घरच्या वातावरणाला ०.०२ मिळाले हे वाचून काही पालक खचतात, काही हात झटकतात. दोन्ही चूक. ते ०.०२ फक्त भावंडांना सारखं बनवणाऱ्या गोष्टींचे आहेत. एकाच बापाच्या रागानं थोरला गप्प होतो आणि धाकटा उलटून बोलतो, तेव्हा बापाचा परिणाम त्या ५४ मध्ये जाऊन बसतो. शिवाय असे अभ्यास मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या बऱ्यापैकी खात्यापित्या घरांचे आहेत. उपासमार आणि मारहाण सोसणारी घरं त्यांत फार थोडी. सगळ्या कुणग्यांत गोडं पाणी असेल तर मातीचा वाटा लहानच दिसणार.

वय वाढेल तसा घराचा आणि जगाचा प्रभाव वाढत जाणार, असं आपल्याला वाटतं. बुद्ध्यंकाच्या बाबतीत उलट आढळलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतल्या ११,००० जोड्यांच्या अभ्यासात जनुकांचा वाटा नवव्या वर्षी ४१ टक्के होता, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६. याचं सर्वांत पटणारं कारण असं की मोठं होता होता मूल आपल्या कलाप्रमाणे मित्र, पुस्तकं, छंद निवडतं आणि त्यातून मूळचा छोटा फरक वाढत जातो. म्हणजे जनुकांचा म्हणून मोजलेल्या वाट्यातही वातावरणाचं काम लपलेलं असतं.

"पण मेंदूच वेगळा दिसतो ना स्कॅनमध्ये, मग ते जन्मजातच!" हेही ऐकू येतं. मेंदू अनुभवानंही बदलतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात. अशा ७९ उमेदवारांचं आणि ३१ इतरांचं एमआरआय आधी आणि नंतर काढलं. निकाल २०११ चा. उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मरणाशी आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित भागाचा) मागचा भाग वाढला होता, नापास झालेल्यांत आणि इतरांत नाही. सुरुवातीला तिन्ही गट सारखेच होते. एकदाच काढलेल्या स्कॅनवरून हे कधीच कळलं नसतं.

अमक्या स्वभावाचं जनुक सापडलं, अशा बातम्यांवर तर विश्वासच ठेवू नका. नैराश्याशी जोडली गेलेली १८ प्रसिद्ध जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा कुठल्याही यादृच्छिक जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. आधीचे नमुने काहीशे माणसांचे होते. लहान नमुन्यात योगायोगही ठळक दिसतो आणि छापला तोच जातो. वागणुकीच्या मागे शेकडो-हजारो जनुकं असतात, एकेकाचा परिणाम नगण्य.

आणि आनुवंशिक म्हणजे अटळ, हेही खरं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार एकाच जनुकातल्या दोषानं होतो आणि उपचार झाला नाही तर मेंदूचं भारी नुकसान करतो. जन्मल्यावर टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखून फिनाइलअ‍ॅलानिन (प्रथिनांतला एक घटक) कमी असलेला आहार सुरू केला की मूल सर्वसाधारण वाढतं.

राहिला लग्नाच्या वेळचा प्रश्न, दबक्या आवाजात विचारलेला: "त्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे. सोयरीक करावी का?" यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के सांगतात आणि तो ऐकून लोक उठून जातात. तो आकडा इथे कामाचाच नाही. इथे धोका मोजायचा. सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात तो सुमारे १ टक्का. युरोपातल्या जुन्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबाप्रमाणे चुलत-मामेभावंडाला असेल तर २ टक्के, सख्ख्या भावंडाला असेल तर ९, आईला किंवा वडिलांना असेल तर १३, आणि एकबीज जुळ्याला असेल तर ४८. म्हणजे जनुकं हुबेहूब सारखी असूनही निम्म्याहून जास्त जुळी भावंडं सुटतात. मुलीच्या काकाला आजार आहे म्हणून मोडलेलं लग्न हे २-४ टक्क्यांच्या धोक्यावर मोडलेलं असतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. उलट रुग्णांपैकी बहुतेकांच्या आईवडिलांना हा आजार नसतो.

ज्या घरात तो जवळच्या नात्यात आहे, तिथे वातावरणाचा भाग आपल्या हातात असतो. कोवळ्या वयातला गांजा, विशेषतः रोजचा, मनोविकृतीचा धोका वाढवतो, आणि किनारपट्टीवर तो मुलांपर्यंत सहज पोचतो. अशा घरातल्या मुलांशी यावर चौदाव्या-पंधराव्या वर्षीच उघड बोला. मूल एकाएकी मित्र तोडू लागलं, रात्रभर जागू लागलं, अभ्यासात घसरलं, आपल्याबद्दल कुणी बोलतंय असा संशय घेऊ लागलं, तर "वयच तसं" म्हणून वर्ष घालवू नका. गोव्यात असाल तर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत न्या आणि नात्यात कुणाला, कोणत्या वयात, काय झालं होतं ते कागदावर लिहून सोबत घ्या.