व्यासपीठावरून बीटवर

माझा भाचा शाळेत असल्यापासून वक्तृत्व स्पर्धा गाजवत आला. कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात त्याची भाषणे मी पुढच्या रांगेत बसून ऐकली आहेत. आता तो रॅप करतो, म्हणजे ठेक्यावर यमक जुळवलेल्या ओळी बोलतो, आणि घरातल्या काहींना वाटते तसे त्याने वक्तृत्व सोडलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

भाषणात टाळी पडली की वक्ता क्षणभर थांबू शकतो, रॅपमागे वाजणारा ठेका, म्हणजे बीट, मात्र कुणासाठीही थांबत नाही. चार ठोक्यांचा एक बार, असे १६ बार म्हणजे साधारण एक कडवे, आणि मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत ते जेमतेम ४३ सेकंदांत संपते. त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हेही आधीच ठरवावे लागते. भाचा वहीत त्या जागी लाल पेनाने उभी रेघ मारतो, अंगठ्याने टेबलावर ठेका धरून ओळ म्हणतो आणि एखादे अक्षर जास्त झाले तर अख्खी ओळ खोडून नव्याने लिहितो.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांच्या पार्ट्यांतून ही कला उभी राहिली, तेव्हा माइकवरच्या माणसाचे काम नाचणाऱ्यांना हुरूप देण्याचे होते. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुराला, जिथे डफाची थाप आणि झीलकऱ्यांची ‘जी जी’ अंगवळणी पडलेली आहे, रॅप आणि शाहिरीचे हे नाते ओळखायला वेळ लागू नये. सध्या भाचा २०१९ च्या पंचगंगेच्या महापुरावर लिहीत असून दुसरे कडवे अजून त्याच्या मनासारखे उतरलेले नाही.