विंगेतला लॅपटॉप झोपू नये म्हणून

मंडळी, आमच्या नाटक मंडळाच्या प्रॉम्प्टरसाठी वहीऐवजी लॅपटॉपवर संहिता दाखवणारा प्रोग्राम मी लिहितोय, त्याचं काम पुढं सरकलंय. संहिता नीट दिसते, ओळी हव्या त्या वेगानं वर सरकतात, पेडलवर पाय ठेवला की पान उलटतं. अडलं होतं ते ऐन पदाच्या वेळी काळ्या होणाऱ्या स्क्रीनवर. ते आता सुटलंय, म्हणून आज फक्त त्याबद्दल.

गोव्यातलं उत्सवी नाटक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात संगीत नाटक उशिरा उभं राहतं. गायक रंगला, वन्समोर आला, की एकच पद दहा-बारा मिनिटं चालतं. तेवढा वेळ प्रॉम्प्टरला पेडल दाबायचं कारणच नसतं. मशीनच्या हिशेबी मात्र माणूस जागेवरून उठून गेलेला असतो. पद संपून गद्य सुरू होतं आणि विंगेत अंधार. "वही काय अशी मिटत नव्हती हो," असं आमचे प्रॉम्प्टर काका म्हणाले, आणि त्यावर मला उत्तर नव्हतं.

त्यात आमचं पेडल आर्डुइनो उनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बांधलेलं. उनो संगणकाला सीरियल पोर्ट (म्हणजे नुसती माहिती पाठवणारी वाट) म्हणून दिसतो, कीबोर्ड म्हणून नाही. त्यामुळे कितीही वेळा पाय मारला तरी ऑपरेटिंग सिस्टीमचा 'कुणी हात लावला नाही' हा काटा चालूच राहतो. त्याच घराण्यातला लिओनार्डो बोर्ड घेतला तर त्यातली चिप स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेऊ शकते आणि दर दाबण्याला तो काटा शून्यावर येतो. पण लांब पदाचा प्रश्न तिथंही तसाच, म्हणून उपाय प्रोग्रामातच करायचा ठरवला.

सर्वांत आधी सुचवला जातो तो उपाय म्हणजे दर मिनिटाला माउस एक पिक्सेल हलवणं. चालतो, पण मला पसंत नाही. काळ्या पडद्यावरच्या पिवळ्या अक्षरांवर मध्येच बाण उगवतो. शिवाय प्रोग्राम संपल्यावर ती स्क्रिप्ट मागे चालू राहिली तर लॅपटॉप रात्रभर जागा. सिस्टीमला फसवण्यापेक्षा सरळ विनंती करावी. तशी सोय प्रत्येक सिस्टीमवर आहे.

मंडळाचा लॅपटॉप विंडोज १०चा. तिथं सेटथ्रेडएक्झिक्यूशनस्टेट नावाचं फंक्शन आहे. त्याला 'कंटिन्युअस' आणि 'डिस्प्ले रिक्वायर्ड' हे दोन झेंडे (फ्लॅग, म्हणजे खुणेच्या सूचना) एकत्र दिले की स्क्रीन बंद होत नाही. पायथन भाषेतून, तिच्यातल्या सीटाइप्स या विंडोजची फंक्शनं वापरू देणाऱ्या सोयीनं बोलावलं तर एका ओळीत भागतं. 'कंटिन्युअस' दिला नाही तर काटा फक्त एकदा शून्यावर येतो आणि पुन्हा चालू लागतो. मग दर थोड्या वेळानं परत बोलवत बसा. दुसरी गोष्ट त्याच्या नावातच आहे, ती म्हणजे थ्रेड, प्रोग्रामच्या आत चालणारा कामाचा एक धागा. विनंती ज्या थ्रेडनं केली तो संपला की विनंतीही गेली. म्हणून ती तात्पुरत्या थ्रेडमधून करू नका, मुख्य थ्रेडमधूनच करा.

आता गंमत अशी की हे फंक्शन स्क्रीनसेव्हर थांबवत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय. तरी आमचं काम झालं, कारण विंडोज १०मध्ये स्क्रीनसेव्हर मुळात 'काही नाही'वरच असतो आणि काळोख करतं ते डिस्प्ले बंद करण्याचं टायमर. स्क्रीनसेव्हर, डिस्प्ले बंद होणं, लॉक आणि स्लीप या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आपण सगळ्यांना एकाच नावानं शिव्या घालतो. खरा स्क्रीनसेव्हर लावलेलाच असेल तर तो सुरू होण्याआधी पुढच्या खिडकीला विंडोजकडून येणारा सिसकमांड संदेश अडवण्याची जुनी युक्ती आहे, पण पासवर्ड लावलेल्या स्क्रीनसेव्हरपुढे ती विंडोज व्हिस्टापासून चालत नाही. आणि स्क्रीनसेव्हरचं सेटिंगच बंद करून ठेवणारा मार्ग मी मुद्दाम टाळला. प्रोग्राम मध्येच मेला तर मंडळाच्या लॅपटॉपचं सेटिंग बदललेलंच राहील, आणि खजिनदार मला विचारतील.

विनंती खरंच लागलीय का हे पाहायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' द्या. डिस्प्लेखाली आपला प्रोग्राम दिसला पाहिजे. अतिशय उपयोगी कमांड.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स, त्यावर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप. तिथं डी-बसवरच्या (प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप पाठवायची ही वाट) फ्रीडेस्कटॉप स्क्रीनसेव्हर सेवेला 'इनहिबिट' हा निरोप पाठवायचा, सोबत प्रोग्रामचं नाव आणि कारण. ती एक आकडा परत देते, त्याला कुकी म्हणतात. काम झालं की तीच कुकी 'अनइनहिबिट'ला द्यायची. मी कारण 'नाटक चालू आहे' असं मराठीत दिलं, आणि बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केलं की तिथं ते तसंच्या तसं दिसतं! काकांना एवढं आवडलं की त्यांनी दोघातिघांना बोलावून दाखवलं.

इथं एक खाच आहे. डी-बसचं कनेक्शन तुटलं की सेवा ती विनंती आपोआप रद्द करते. त्यामुळे टर्मिनलमधून एका कमांडनं निरोप पाठवून पाहिला तर कुकी मिळते, पण कमांड संपताच कनेक्शन तुटतं आणि स्क्रीन वेळेवर काळी होते. कनेक्शन प्रोग्रामातच उघडं ठेवायचं. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते: प्रोग्राम कोसळला तरी विनंती मागे लोंबकळत नाही.

तपासणी घरीच करा. डिस्प्ले बंद होण्याची वेळ एक मिनिटावर आणायची, बॅटरीसाठी आणि प्लगसाठी वेगवेगळी, कारण मंडपात करंट जातो तेव्हा बॅटरीचं सेटिंग लागू होतं. झाकण मिटलं तर मात्र यातलं काही वाचवत नाही, ते सेटिंग वेगळं. अंक संपला की विनंती सोडायची, पुढच्या अंकाला पुन्हा घ्यायची. पायथनच्या 'विथ'मध्ये (काम संपलं की आवराआवर आपोआप करणारी रचना) बसवलं की हे विसरायला होत नाही.

राहिलाय तो ऑर्गनवाल्यांचा फोन. त्यांना पदांचे शब्द ब्राउझरमध्ये हवेत. ब्राउझरला स्क्रीन वेक लॉक आहे, म्हणजे पानानं स्क्रीन जागी ठेवायला मागायची परवानगी: क्रोममध्ये २०२०पासून, सफारीत २०२३पासून, फायरफॉक्समध्ये २०२४पासून. टॅब झाकला गेला की लॉक सुटतो, परत दिसल्यावर पुन्हा मागावा लागतो; ते सोपं आहे. अडचण अशी की तो फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणी) किंवा लोकलहोस्टवर (पान त्याच यंत्रावरून उघडलं तर) मिळतो, आणि मंडपात आमच्या लॅपटॉपच्या वायफायवरून पान साध्या एचटीटीपीनं येतं. एक तर सुरक्षित जोडणीसाठी स्वतःचं प्रमाणपत्र फोनमध्ये बसवायचं, नाहीतर स्क्रीन जागी राहावी म्हणून पानात लहानसा मूक व्हिडिओ फिरवत ठेवायचा. पर्वरीच्या मित्राचं मत प्रमाणपत्राकडे आहे, माझं व्हिडिओकडे, कारण ऑर्गनवाले दर जत्रेला बदलतात आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये मी कुठं हात घालत बसू. कुणी असं काही चालवलं असेल तर बॅटरी किती खाल्ली ते कळवा.