गाठीभोवतीची माया

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी रिपोर्ट हातात आला. ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ वाचून नणंद म्हणाली, “पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की, वहिनी!” मलाही घटकाभर तसंच वाटलं. डॉक्टरांनी अर्थ सांगितला तेव्हा हातपाय गळाले. पुन्हा ऑपरेशन.

मी ३० वर्षं ब्लाउज शिवतेय. मार्जिन म्हणजे आमच्या धंद्यातली माया, शिवणीबाहेर राखलेलं जादा कापड. गाठीसोबत तिच्याभोवतीचा थोडा चांगला भागही काढतात, ती ही माया. काढलेल्या तुकड्याला सर्जननी दोरे बांधले होते, वरच्या बाजूला आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब, म्हणजे लॅबमध्ये दिशा कळावी. तिथे तुकड्याला बाहेरून शाई लावतात, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या तर मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे आत काही राहिलं असण्याची शक्यता.

माझी मुख्य गाठ १.८ सेंटिमीटरची. तिच्याभोवती माया पुरेशी होती. पण दुधाच्या नळ्यांमध्येच असलेला कॅन्सर खालच्या बाजूला शाईपर्यंत पोचला होता. तो हाताला लागला नव्हता, ऑपरेशन चालू असताना केलेल्या फ्रोझन सेक्शनमध्येही, म्हणजे तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीतही, सापडला नव्हता.

“मग आधीच जास्त का नाही काढलंत?” मी रागानेच विचारलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून समजावलं. पूर्वी बरेच सर्जन एकेक सेंटिमीटर माया धरायचे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संघटनांनी आधीचे अभ्यास तपासून ठरवलं, की नळ्यांबाहेर आजूबाजूच्या भागात शिरलेल्या कॅन्सरमध्ये गाठ शाईला टेकलेली नसली की पुरे. त्याहून जास्त कापून फायदा दिसत नाही, स्तनाचा आकार मात्र बिघडतो.

घरी जाऊबाई म्हणत होत्या, “एकदाचं सगळंच काढून टाक.” माझंही मन डळमळलं. पण इटली आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्येच आलेत: गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. मी स्तन ठेवायचं ठरवलं.

दुसऱ्या वेळी जुनाच टाका उघडून फक्त खालच्या बाजूची पट्टी काढली. रिपोर्ट आल्यावर आधी शेवटचं पान उघडलं. मार्जिन मोकळं, शाईपासून ६ मिलिमीटर.

आता रेडिएशनच्या १५ पैकी ११ वेळा झाल्यात. कातडी काळवंडलीय, म्हणून मलमलचा सैल, पुढून बंदांचा ब्लाउज शिवून घेतलाय. परवा ओपीडीत शेजारच्या ताई रिपोर्ट घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. दोघींनी मिळून वाचला, गाठ कुठे शाईला टेकलीय का ते शोधलं. कुठेच टेकली नव्हती.