पहिल्या रिमांडचा अर्ज

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका रात्री दहाच्या सुमारास एका पिकअप चालकाच्या थोरल्या भावाचा मला फोन आला. धाकट्याला दुपारी तीन वाजता पोलिसांनी ‘चौकशीला’ म्हणून घरून नेले होते, अजून सोडले नव्हते आणि कशासाठी नेले हे कोणी सांगत नव्हते. मी पोलीस ठाण्यात पोहोचलो तेव्हा ठाणे अंमलदारांनी मला शांतपणे सांगितले की अटक वगैरे काही नाही, साहेब आले की सोडतील. पक्षकाराला भेटू द्यावे, असा अर्ज मी तिथल्याच बाकावर बसून लिहिला. तो घेऊन आवकचा शिक्का द्यायला त्यांनी नकार दिला. तेव्हा त्या अर्जाचा फोटो काढून मी पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या ईमेलवर पाठवला. त्यावर वेळ उमटली रात्री ११ वाजून ५ मिनिटांची. त्यानंतर अर्ध्या तासात अटकेची नोंद झाली आणि मला दहा मिनिटांची भेट मिळाली.

फौजदारी वकिलाचे काम सर्वसाधारण माणसाला दिसते ते उलटतपासात किंवा अंतिम युक्तिवादात. प्रत्यक्षात अटकेच्या रात्री वकील काय विचारतो यावर पुढचे बरेच काही ठरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, आणि ते तास घरून नेल्यापासून मोजायचे की डायरीतल्या नोंदीपासून, हा वाद आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या दहा मिनिटांत मी त्याला मोजक्या गोष्टी सांगितल्या: कोऱ्या कागदावर सही करायची नाही, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही, आणि मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आणि उद्या न्यायालयात स्पष्ट सांगायचे. मारहाण झालेली नव्हती. जाता जाता मी त्याला विचारले की दुपारपासून इथे कोण कोण येऊन गेले. तो म्हणाला, “संध्याकाळी एका काकांना आणून माझ्या समोरच्या बाकावर बसवलं. त्यांना चहा दिला. मग मला उठवून उभं केलं आणि फौजदार त्यांना म्हणाले, नीट बघा.”

गुन्हा नऊ दिवसांपूर्वीचा होता. मार्केट यार्डातला एक आडत्या रात्री साडेनऊला दुकान बंद करून मोटारसायकलवरून घरी निघाला असताना दोघांनी त्याला अडवले, कोयत्याचा धाक दाखवला आणि १,८५,००० रुपयांची पिशवी हिसकावून नेली. जबरी चोरीत प्राणघातक शस्त्र वापरल्याचा आरोप म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३९७, आणि त्यात किमान शिक्षा सात वर्षांची होती. फिर्यादीला आरोपी अनोळखी असतात अशा खटल्यात सगळी भिस्त ओळख परेडवर, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगण्यावर असते, आणि परेडच्या आधी संशयित साक्षीदाराला दाखवला गेला असेल तर त्या परेडचे मोल फारसे उरत नाही. म्हणून त्या मुलाचे ते वाक्य माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याला पहिल्या रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा निर्णय व्हावा म्हणून, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले. दंडाधिकारी मॅडमनी “पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?” असे विचारले आणि शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहून त्याने नकारार्थी मान हलवली. बहुतेक आरोपी हेच करतात, म्हणून तोंडी तक्रारीवर मी कधीच विसंबत नाही. मी लेखी अर्ज दिला. त्यात म्हटले होते की आरोपी कालपासून, कागदावर दाखवलेल्या अटकेच्या कितीतरी आधीपासून, ताब्यात आहे. काल संध्याकाळी ठाण्यात त्याला एका व्यक्तीसमोर उभे केले गेले. आज त्याला चेहरा न झाकता न्यायालयात आणले आहे. यापुढे तरी चेहरा झाकून आणण्याचे आदेश व्हावेत आणि हा अर्ज अभिलेखावर राहावा. सोबत रात्रीच्या ईमेलची प्रत जोडली होती. सरकारी वकिलांनी हे सगळे काल्पनिक असल्याचे सांगितले. अर्जावर तपासी अधिकाऱ्यांचे म्हणणे मागवले गेले आणि त्यांनी त्याच कागदाच्या कडेला एका ओळीत लिहिले, ‘अर्जातील मजकूर मान्य नाही’. मॅडमनी रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या दैनंदिन नोंदीत, नोंद घेतली, चेहरा झाकण्याबाबत आदेश दिला आणि सात दिवसांच्या मागणीऐवजी तीन दिवसांची पोलीस कोठडी मंजूर केली.

बाहेर आल्यावर त्याचा भाऊ माझ्यावर रागावला. “वकीलसाहेब, तुम्ही जामिनाचं एक अक्षर बोलला नाहीत.” त्याचे खरेच होते. पण सत्र न्यायालयात चालणाऱ्या गुन्ह्यात पोलीस कोठडी चालू असताना जामीन मागणे म्हणजे नातेवाइकांच्या समाधानासाठी एक आदेश विरोधात करून घेणे होय. मी त्याला हे समजावून सांगितले. त्याला ते पटले असे मात्र म्हणता येणार नाही.

न्यायालयीन कोठडीत रवानगी झाल्यावर कारागृहात नायब तहसीलदारांनी ओळख परेड घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलनुसार एका संशयितासाठी त्याच्याशी साधर्म्य असलेल्या किमान सहा व्यक्ती रांगेत असाव्या लागतात आणि तिथे पोलीस असता कामा नये. कागदोपत्री सगळे नियम पाळलेले होते आणि फिर्यादीने पहिल्या फेरीतच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दरम्यान, मेमोरँडम पंचनामा, म्हणजे माल कुठे ठेवला हे आरोपीने पंचांसमोर सांगितल्याची नोंद, करून त्याच्या घरातून ४,००० रुपये ‘काढून दिले’ असे दाखवले गेले. ‘आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की’ या ठरीव वाक्याने सुरू होणारा हा पंचनामा मी इतक्या वेळा वाचला आहे की पंचाचे नाव पाहिले तरी पुरते. हे पंच त्याच ठाण्याच्या आणखी दोन प्रकरणांत मला आधी भेटले होते. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. ते त्या वेळी असते तर मला बरे झाले असते की वाईट, हे मी आजही सांगू शकत नाही.)

सत्र न्यायालयाने पहिला जामीन अर्ज फेटाळला. त्यानंतर माझे लक्ष कॅलेंडरवर होते, कारण जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि तो हक्क दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करूनच बजावावा लागतो. डिफॉल्ट जामिनाचा अर्ज मी तयार ठेवला होता. पोलिसांनी मुदतीच्या दोन दिवस आधी दोषारोपपत्र दाखल केले. मग गुणदोषांवर पुन्हा जामीन मागितला आणि या वेळी तो मिळाला, कारण तपास संपला होता आणि त्या ४,००० रुपयांच्या नोटांवर ओळखीची कोणतीच खूण नव्हती. आदेश झाला तरी माणूस लगेच सुटत नाही. जामीनदाराचा सातबारा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला, त्यावरचा आक्षेप आणि पुन्हा दाखला यात आठवडा गेला आणि सुटकेचा आदेश कारागृहाच्या जामीनपेटीत वेळेत न पडल्याने आणखी एक रात्र गेली. या टप्प्यावरचे वकिलाचे काम निव्वळ कारकुनी असते आणि पक्षकाराच्या लेखी तेच सर्वांत मोठे असते.

दोषारोपपत्राच्या नकला मी दोन दिवस घरी घेऊन बसलो. फिर्यादीत आरोपींचे वर्णन ‘अनोळखी इसम, वय अंदाजे २५ ते ३०, मध्यम बांधा’ एवढेच होते. त्यामागे फिर्यादीचा पुरवणी जबाब लावलेला होता आणि त्यात एकाच्या डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण असल्याचे लिहिले होते. माझ्या पक्षकाराच्या डाव्या भुवईवर तो व्रण आहे. गुन्हा घडल्याच्या रात्री न आठवलेला व्रण नऊ दिवसांनी कसा आठवला, एवढ्यावरही उलटतपास करता आला असता; पण माझी नजर जबाबाखालच्या तारखेवर थांबली. ज्या दिवशी मुलाला दुपारी घरून नेले त्याच दिवसाची ती तारीख होती. अटकेची नोंद मात्र रात्री साडेअकरा वाजल्यानंतरची होती. म्हणजे फिर्यादी त्या दिवशी ठाण्यात आला होता, हे खुद्द पोलिसांच्याच कागदावर होते.

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपीला वगळण्याचा, अर्ज करू या, असे सुचवले. मी नको म्हणालो. त्या टप्प्यावर न्यायालय पुराव्याचे बारकाईने मूल्यमापन करत नाही, त्यामुळे अर्ज फेटाळला जाणार हे जवळपास नक्की होते आणि आमचा बचाव मात्र वर्षभर आधी उघडा पडला असता. रिमांडचे कागद प्रकरणासोबत सत्र न्यायालयात येतात खरे, पण संचिकेच्या तळाशी असलेले ते कागद सहसा कोणी चाळत नाही. मी त्या अर्जाची आणि रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढून फाइलमध्ये ठेवली आणि गप्प राहिलो.

२०२० मध्ये टाळेबंदी आली, न्यायालये तातडीच्या कामांपुरती चालू राहिली आणि आमचा खटला मागे पडला. २०२१ च्या अखेरीस आरोप निश्चित झाले. फिर्यादीची साक्ष २०२३ च्या उन्हाळ्यात झाली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला तो आडत्या साठीच्या आसपासचा, पांढरी टोपी घातलेला, सरळ माणूस होता. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, त्याने बोट दाखवून माझ्या पक्षकाराला ओळखले. तो खोटे बोलत नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले. त्याची मनापासून खात्री होती. अशा साक्षीदाराला खोटा ठरवायला गेले की तो आणखी ताठ होतो आणि न्यायाधीशांची सहानुभूती त्याच्याकडे जाते. म्हणून मी त्याला आधी धंद्याचे विचारले, मग रस्त्यावरच्या दिव्याचे, मग फिर्यादीत व्रणाचा उल्लेख नसल्याचे. त्यावर तो अडखळला आणि म्हणाला, “तेव्हा घाबरलो होतो, नंतर आठवलं.”

“आठवलं त्या दिवशी तुम्ही स्वतःहून ठाण्यात गेलात की बोलावणं आलं?”

“बोलावणं आलं. एक जण पकडलाय म्हणाले.”

“तुम्हाला तिथे बसायला जागा दिली असेल.”

“हो, बाकावर. चहासुद्धा दिला.”

“तुमच्या समोर कोण होतं?”

सरकारी वकील उठले, पण त्यांचा आक्षेप पूर्ण होण्याआधीच साक्षीदाराने कौतुकाने सांगितले, “हाच मुलगा होता की. साहेबांनी नीट बघायला सांगितलं. मी म्हटलं, हाच वाटतो. मग त्यांनी माझा जबाब लिहून घेतला.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि साक्षीदाराला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग लघुलेखकाला सावकाश मजकूर सांगितला: ‘हे म्हणणे खरे आहे की, ओळख परेडपूर्वी मला पोलीस ठाण्यात आरोपी दाखवण्यात आला होता.’ पोलिसांना मदत केली याचा त्या माणसाला अभिमान होता आणि आपण काय बोलून गेलो याची त्याला कल्पना नव्हती. माझ्याकडे आणखी बारा-तेरा प्रश्न लिहिलेले होते. साक्षीदारापुढे पोलिसांच्या सांगण्यावरून ओळख पटवल्याची एक औपचारिक सूचना मांडली, तो “हे म्हणणे खोटे आहे” म्हणाला आणि मी खाली बसलो. आणखी एक प्रश्न विचारला असता तर “पण व्रण मला रात्रीच दिसला होता” असे काहीतरी पदरात पडले असते.

फेरतपासात, म्हणजे साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, सरकारी वकिलांनी ही कबुली गोंधळातून आल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. पण पुढे तपासी अधिकारी साक्षीला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पहिल्या रिमांडच्या अर्जाची प्रमाणित नक्कल ठेवली. कडेचे हस्ताक्षर त्यांनी मान्य केले. मजकूर मान्य नाही असे लिहिताना त्या संध्याकाळी ठाण्यात कोण आले होते हे का लिहिले नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. हीच हकीकत मी २०२३ मध्ये प्रथमच मांडली असती तर ती पश्चातबुद्धी ठरली असती.

पुराव्याबाबत न्यायालय आरोपीला स्वतः प्रश्न विचारते तो त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खालचा जबाब व्हायच्या आधी मी त्याला सगळे प्रश्न समजावून दिले. त्या रात्री भाजी घेऊन यार्डात गेल्याची पावती दाखवावी, अशी त्याच्या भावाची फार इच्छा होती. पावती पहाटे तीनची होती आणि घटना रात्री साडेनऊची. अपुऱ्या पडलेल्या बचावाचा उलटा परिणाम होतो, म्हणून ती पावती मी दाखल केली नाही.

निकाल संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्ततेचा लागला. दुसरा आरोपी अखेरपर्यंत सापडलाच नाही. काही दिवसांनी तो आडत्या न्यायालयाच्या उपाहारगृहात भेटला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने मला विचारले, “साहेब, मग माझे पैसे नेले कोणी?” हा प्रश्न तपासाने सोडवायचा होता आणि ठाण्यातल्या त्या बाकावर तो तपास कायमचा बिघडला होता. मी त्याला तेच सांगितले, जरा सौम्य शब्दांत. तो चहाचे पैसे देऊन निघून गेला.

आमचे काम तरीही संपलेले नव्हते. सरकारला उच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायला ९० दिवस असतात आणि अपील झाल्यास हजर राहण्याची हमी म्हणून सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७-अ खाली करून द्यावा लागत असे. तो जामीनदारासह निकालाच्याच दिवशी केला. अपील झाले नाही. पुढच्या वर्षी मुलाने एका वाहतूक कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा चारित्र्य पडताळणीत गुन्हा ‘न्यायप्रविष्ट’ असल्याचा शेरा आला. निकालाची प्रमाणित प्रत जोडून पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे दोनदा अर्ज केले. तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो आणि नोंद दुरुस्त झाल्याचे पत्र घेऊनच परत आलो.