अँगलसीच्या माळावर सन ऑर्किड: मेलबर्नहून एका दिवसाची फेरी

मेलबर्नहून जिलाँग, टॉर्के करत समुद्रकाठचं अँगलसी गाव साधारण 110 किलोमीटर, गाडीने दीड तास. पहाटे निघायची घाई करू नका. सन ऑर्किड (थेलिमिट्रा) हे रानातलं ऑर्किड ऊन तापल्याशिवाय उघडत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या या फेरीत साडेदहाला सगळ्या कळ्या मिटलेल्या होत्या, साडेबाराला त्याच दांड्यांवर निळी फुलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला एक वाजून जातो. बारा ते तीन ही वेळ धरा. कासला धुक्यातही हबेनारिया ऑर्किड फुललेली दिसते. ती सवय इथे उपयोगाची नाही.

दिवस निवडताना वारा आधी बघा. उत्तरेचा वारा, निरभ्र आकाश आणि 22-23 अंशांच्या पुढे तापमान असेल तर निघा. दक्षिणेकडून समुद्राचा गार वारा सुटला, ढग आले, की फुलं मिटतात आणि फेरी फुकट जाते. हवामानाचा अंदाज अँगलसीचाच बघा. मेलबर्न तापलं तरी किनारा गार असू शकतो.

गावामागचा हा हीथचा, म्हणजे खुरट्या झुडपांच्या माळाचा, पट्टा आता ग्रेट ओटवे नॅशनल पार्कमध्ये येतो. रेताड निकस माती, गुडघाभर काटक झुडपं, मधूनमधून गवतासारख्या पानांचा झुबका असलेले ग्रास ट्री, कडेला विरळ निलगिरी. ऑर्किडच्या शंभरावर जाती इथे नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलतात.

सन ऑर्किड पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण लिली समजून पुढे जातात, कारण नेहमीच्या ऑर्किडसारखा वेगळा ओठ (बाकीच्यांहून निराळी दिसणारी पाकळी) तिला नसतो. सहाही दलं जवळपास सारखी. फुलाच्या मधोमध असलेला स्तंभ (पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून झालेला भाग) बघा. निळ्या दलांवर गडद ठिपके असले तर बहुधा थेलिमिट्रा इक्सिऑइडिस. फूल पिवळं आणि स्तंभावर सशाच्या कानांसारखे दोन तपकिरी उंचवटे असले तर थेलिमिट्रा अँटेनिफेरा. बिनठिपक्यांच्या निळ्या जाती बऱ्याच आहेत. स्तंभाचा समोरून आणि बाजूने, शिवाय बुडाशी असलेल्या एकुलत्या लांब पानाचा, असे तीन फोटो नसतील तर नाव लावायच्या भानगडीत पडू नका. भर उन्हात निळा रंग उडतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. गुडघा टेकायचा तो पायवाटेवरच, कारण फुलाशेजारी न फुललेली रोपं गवतासारखीच दिसतात आणि चिरडली जातात.

फायटॉप्थोरा हा मुळं कुजवणारा रोग या माळावर पसरलेला आहे. चिखलातून तो बुटांबरोबर फिरतो. तपकिरी पडून मेलेले ग्रास ट्री ही त्याचीच खूण. गाडीतून उतरताना आणि परतताना, दोन्ही वेळा तळवे आधी ब्रशने कोरडे घासा, मग 70 टक्के मेथिलेटेड स्पिरिट फवारा. माती तशीच ठेवून फवारलं तर औषध आतपर्यंत पोचतच नाही. चिखल असेल त्या दिवशी कच्च्या वाटा टाळाच.

कंद उपटून नेण्याचा मोह कोणाला झालाच तर: मातीतल्या ठरावीक बुरशीशिवाय हे रोप कुंडीत सहसा टिकत नाही, आणि पार्कातून झाडं काढणं गुन्हा आहे.

ज्या उन्हात फुलं उघडतात त्याच उन्हात टायगर स्नेक वाटेवर पडलेला असतो. जाड फुलपँट, घोट्यावरचे बूट आणि दाबपट्टी सोबत हवी. दंश झालाच तर जखम धुवू नका, पूर्ण अवयवावर पट्टी घट्ट गुंडाळा, माणसाला हलू देऊ नका आणि 000 ला फोन करा.