एकही ग्रँड स्लॅम नाही, मग?

रविवारी सकाळी आमच्या क्लबच्या मातीच्या कोर्टांवर मी मुलांना टेनिस शिकवतो. मी काही पट्टीचा कोच नव्हे. जन्म बँकेत गेला, त्याआधी कॉलेजकडून चार वर्षं खेळलो, तेवढ्याच भांडवलावर हे चाललंय. नवी मुलं आली की दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी हटकून विचारतात, "सर, तुमचा फेव्हरेट कोण?" पूर्वी फेडरर की नदाल, आता अल्काराझ की सिनर. मी म्हणतो, "मिलोस्लाव्ह मेचीर्झ." सगळे चेहरे कोरे. मग कुणीतरी बाकावरचा आईचा फोन उचलतं, नाव शोधतं, आणि दोन मिनिटांत परत येतं. "सर, यानं तर एकही ग्रँड स्लॅम जिंकलेलं नाहीये. मग?"

ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, आणि हा ‘मग?’ मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. मुलांकडून, त्यांच्या पालकांकडून, आणि आमच्या क्लबचा मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर सरावाला खेळणारा पगारी माणूस, तर तो मला मुद्दाम छेडायलाच विचारतो. दर वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून बॉलची टोपली उचलतो. मागच्या आठवड्यात एका मुलीच्या आईनं अगदी मनापासून विचारलं, "आम्हाला एकदा नीट सांगा ना, नक्की काय आवडतं तुम्हाला त्याच्यात?" बाई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय.

आधी नावाचं बघू. तो खेळायचा तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आपल्या वर्तमानपत्रांत ‘मेसिर’ छापून यायचं आणि मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. खरा उच्चार ‘मेचीर्झ’च्या जवळ जातो. च चहातला, चमच्यातला नव्हे. शेवटचं अक्षर र आणि झ एकाच दमात म्हणावं तसं, ते आपल्या जिभेला जमत नाही, सोडून द्या. माणूस बोइनित्से गावचा, जन्म १९६४. हे गाव स्लोव्हाकियात. तिथला किल्ला प्रसिद्ध आहे. त्याच्या खेळण्याच्या दिवसांत मात्र स्लोव्हाकिया नावाचा वेगळा देशच नव्हता, होता तो चेकोस्लोव्हाकिया. त्याची निवृत्ती १९९० ची आणि देश वेगळे झाले १ जानेवारी १९९३ ला. त्यामुळे आज स्लोव्हाक लोक ज्याला आपला म्हणतात, तो स्लोव्हाकियाच्या झेंड्याखाली खेळाडू म्हणून कधी खेळलाच नाही.

त्याला ‘बिग कॅट’ म्हणत. मराठीत थोरलं मांजर वगैरे म्हणण्यापेक्षा सरळ बोका म्हणावं. सव्वासहा फूट उंची, दाढी, किंचित वाकलेले खांदे, आणि चेहऱ्यावर दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा भाव. पॉइंट जिंकला तरी तोच आणि हरला तरी तोच. मॅच संपली की मासे पकडायला जायची आवड. माझ्या खोलीत दारामागे त्याचं ‘स्पोर्टस्टार’ या क्रीडा मासिकातलं एक पान चिकटवलेलं होतं. आजी ते बघून म्हणाली होती, "हा आजारी आहे का रे?"

आता खेळ. टेनिसमध्ये जोर दिसतो. बेकरची सर्व्हिस, लेंडलचा फोरहँड, आजच्या पोरांचे ते कोर्टाबाहेर वळून आत येणारे फटके, हे सगळं टीव्हीवर लहान मुलालाही कळतं. मेचीर्झ काय करतो ते मात्र कळत नाही. तो पळताना दिसत नाही, पण बॉलपाशी आधीच उभा असतो. मागे रॅकेट फारशी जात नाही. बॉल उठता उठताच तो त्याला सपाट थोपटल्यासारखा परतवतो, समोरच्याचाच वेग वापरून. दोन हातांचा बॅकहँड तर असा, की बॉल तिरका, क्रॉसकोर्ट जाणार की सरळ रेषेलगत, डाउन द लाइन, हे शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या खांद्यावरून कळत नाही, मनगटावरूनही नाही. समोरचा अंदाज बांधून निघतो आणि राँग फूट होतो, म्हणजे बॉल नेमका उलट्या बाजूला जातो. एकदा नाही, एका गेममध्ये तीनदा. मग तो निघणंच बंद करतो. जागच्या जागी उभा राहून बघतो. नंबर एकचे खेळाडू असे खिळलेले मी दुसऱ्या कुणासमोर पाहिलेले नाहीत. (नंतरच्या खेळाडूंपैकी रदवान्स्का, मरे, मेदवेदेव यांच्यात याची थोडी थोडी झाक दिसते, पण मरे ओरडतो फार.)

आणि हे सगळं बराच काळ लाकडी रॅकेटनं. बाकीचे एव्हाना ग्रॅफाइटवर गेले होते.

स्वीडनच्या खेळाडूंना त्याचा विशेष जाच. त्या काळी स्वीडन म्हणजे विलँडर, एडबर्ग, न्यूस्ट्रॉम, यादी मोठी. स्वीडिश शाळा, एडबर्ग सोडला तर, लयीवर उभी होती. बेसलाइनला उभं राहायचं, बॉल परत, पुन्हा परत, पुन्हा परत, समोरचा कंटाळेपर्यंत. आमचा बोका कंटाळायचाच नाही, कारण मुळात तो लयीत खेळायचाच नाही. एक बॉल मऊ, एक सपाट, एक लॉब, मग अचानक नेटवर. १९८८ साली माट्स विलँडरनं ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि यूएस ओपन, तिन्ही जिंकली. चौथं राहिलं ते विम्बल्डन. तिथं उपांत्यपूर्व फेरीत मेचीर्झनं त्याला ६-३, ६-१, ६-३ असा धुतला. ज्या माणसाला त्या वर्षी बाकी एकाही ग्रँड स्लॅममध्ये कुणी हरवू शकलं नाही, त्याला यानं तीन सेट मिळून फक्त सात गेम देऊन घरी पाठवलं. मुलांनो, फोनवर हेही सापडतं, पण त्यासाठी खाली स्क्रोल करावं लागतं.

आता ‘मग?’च्या उत्तरातला अवघड भाग. त्याचे चाहते एक गोष्ट नेहमी सांगतात, मीही तरुणपणी सांगायचो: पाठीनं दगा दिला, नाहीतर यानं चार-पाच ग्रँड स्लॅम सहज जिंकली असती. पाठीनं दगा दिला हे खरं आहे. १९९० च्या विम्बल्डननंतर, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याला थांबावं लागलं. पण ग्रँड स्लॅम फायनल तो दोन खेळला, दोन्ही लेंडलशी, आणि दोन्ही आकडे समोर आहेत. १९८६ ची यूएस ओपन: ६-४, ६-२, ६-०. १९८९ ची ऑस्ट्रेलियन: ६-२, ६-२, ६-२. पाठीवर ढकलता येतील असे हे आकडे नाहीत. मी दोन्ही मॅच नंतर बघितल्या. लेंडलचा बॉल इतका जड आणि इतका खोल पडायचा, की त्याचा वेग उसना घ्यायला जावं तर तो अंगावर यायचा. आणि लेंडल लय तुटली तरी चिडत नसे, नवी लय पकडे. दर वेळी असंच झालं असंही नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ‘की बिस्केन’च्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मेचीर्झनंच लेंडलला सरळ सेटमध्ये हरवलं होतं. त्याच वर्षी डॅलसला मॅकेन्रोला हरवून डब्ल्यूसीटीचं, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिसचं, विजेतेपद घेतलं. ते वर्ष त्याचं होतं, एकेरीची सहा विजेतेपदं एका वर्षात. एकूण कारकिर्दीत अकरा. फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रमवारीत चौथा.

१९८६ च्या त्या यूएस ओपनची एक गंमत राहिली. पुरुष आणि महिला एकेरीच्या फायनलमधले चारही जण, लेंडल, मेचीर्झ, नवरातिलोव्हा आणि हेलेना सुकोव्हा, चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले. त्यात नवरातिलोव्हा तर केव्हाच अमेरिकन झाली होती आणि लेंडलही तिकडेच राहत होता. चौघांत स्लोव्हाक एकटा हा.

ऑलिंपिकबद्दल मुलं विचारत नाहीत, कारण टेनिसमधलं ऑलिंपिक त्यांच्या हिशेबात दुय्यम. १९८८ ला सोलमध्ये टेनिस ६४ वर्षांनी पदकाचा खेळ म्हणून परत आलं. आपल्याकडून विजय अमृतराज आणि झीशान अली गेले होते. सेमीफायनलमध्ये मेचीर्झसमोर एडबर्ग, तोच एडबर्ग ज्यानं तीन महिन्यांपूर्वी त्याला विम्बल्डनला हरवलं होतं. पाच सेट झाले आणि या वेळी बोका जिंकला. फायनलला अमेरिकेचा टिम मेयॉट, पहिला सेट गेला, पुढचे तीन घेतले: ३-६, ६-२, ६-४, ६-२. सुवर्ण. शिवाय मिलान श्रेइबरबरोबर दुहेरीत कांस्य. सांगा, याला कमी म्हणायचं?

पण मी काय वकिली करत बसलोय. पदकं मोजूनच उत्तर द्यायचं तर मुलांचा ‘मग?’ बरोबरच ठरतो.

नंतरचं थोडक्यात. तो पुढे कोच झाला, देशादेशांत खेळल्या जाणाऱ्या डेव्हिस कपसाठीच्या स्लोव्हाकियाच्या संघाचा कप्तान झाला. २००५ मध्ये हा छोटा देश फायनलपर्यंत गेला, ब्रातिस्लाव्हात घरच्या प्रेक्षकांसमोर खेळला आणि क्रोएशियाकडून ३-२ हरला. त्याआधी कारोल कुचेरा नावाचा त्याचा एक शिष्य होता. त्यालाही लोक ‘लिटल कॅट’ म्हणत, म्हणजे बोक्याचं पिल्लू. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये या कुचेरानं सॅम्प्रसला उपांत्यपूर्व फेरीत हरवलं तेव्हा माझ्या घरी लग्नासारखा आनंद झाला होता. बायकोला कारण समजावता समजावता पुरेवाट झाली. स्लोव्हाक टेनिस म्हटलं की आपल्याकडे कुणाला आठवलीच तर दानिएला हंतुखोव्हा आठवते, तीही महेश भूपतीबरोबर २००५ ची यूएस ओपन मिश्र दुहेरी जिंकली म्हणून. त्यातल्या त्यात चिबुल्कोव्हा. दोघी उत्तम. पण दोघींचा मेचीर्झच्या खेळाशी काही संबंध नाही. चिबुल्कोव्हा तर त्याच्या अगदी उलट, साडेपाच फूटसुद्धा नसलेली आणि प्रत्येक बॉलवर तुटून पडणारी.

आता १९८८ च्या विम्बल्डनच्या त्या सेमीफायनलबद्दल, कारण माझं सगळं तिथंच अडकलंय.

विलँडरला धुतल्यानंतर मी खात्रीच धरली होती. दूरदर्शनवर शेवटच्या फेऱ्या दाखवत. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी माझा गणिताचा क्लास होता आणि वडिलांनी टेनिससाठी क्लास बुडवू दिला नाही, त्यात त्यांचं काही चुकलं असंही नाही. मी सायकल दामटत घरी पोचलो तेव्हा दोन सेट होऊन गेले होते. मेचीर्झ ६-४, ६-२ नं पुढे. मी चपला न काढता टीव्हीसमोर बसलो. त्यानंतर जे झालं ते एवढंच: ४-६, ३-६, ४-६. पाचव्या सेटमध्येही आधी ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम, मेचीर्झनंच घेतला होता. एडबर्ग प्रत्येक बॉलवर नेटवर येत राहिला, आणि येत राहिला. मेचीर्झ शेवटपर्यंत त्याच झोपाळू चेहऱ्यानं खेळला. हात मिळवले, बॅग उचलली. एडबर्गनं पुढे पावसामुळे सोमवारपर्यंत लांबलेली फायनल जिंकली. मी त्या रात्री जेवलो नाही.

म्हणजे त्याच्या आयुष्यातल्या कदाचित सर्वांत सुंदर दोन सेटच्या वेळी मी वर्गसमीकरणं सोडवत होतो आणि मी आलो आणि तो हरायला लागला. सोळा वर्षांच्या मुलाला यात आपलाच दोष वाटतो. मलाही वाटला, बरेच दिवस.

ते दोन सेट मी पहिल्यांदा पाहिले ते तब्बल वीसेक वर्षांनी, इंटरनेटवर. चित्र पुसट, रंग उडालेले. एडबर्ग नेटवर येतोय, बरोबर जागी येतोय, आणि बॉल त्याच्या बाजूनं, डोक्यावरून, पायाशी, जिथं तो नाही तिथं जातोय. मेचीर्झ घाई करत नाहीये. एका पॉइंटला एडबर्गनं चांगली व्हॉली मारली, मेचीर्झ तीन पावलं चालत आल्यासारखा आला आणि बॉल लाइनवर ठेवून वळला. ठेवला, मारला नाही. मी तो पॉइंट मागे घेऊन सात-आठ वेळा पाहिला. आमच्या मार्करलाही दाखवला. तो इतकंच म्हणाला, "साहेब, पाय बघा पाय." खरंच, सगळं पायांत आहे. लहान लहान पावलं, आवाज न करणारी.

मी स्वतः तसं खेळायचा प्रयत्न केला होता बरं का. कॉलेजच्या संघात. मला वाटायचं मी शांत आणि गूढ दिसतोय. दुहेरीतला माझा जोडीदार दुसऱ्या सेटमध्ये कडाडला, "अरे पळ की, उभा काय राहतोस!" तेव्हा कळलं की न पळता पोचण्यासाठी आधी फार पळावं लागतं.

त्या आईच्या मुलीला, म्हणजे जिच्यामुळे हे लिहायला बसलो तिला, परवा प्रॅक्टिसनंतर बाकावर बसवून फोनवर तेच दोन सेट लावून दिले. वय अकरा. पहिली पाच मिनिटं ती पाय हलवत बसली, मग पाय थांबले. मध्येच म्हणाली, "सर, हा बॉल मारतच नाहीये." थोड्या वेळानं: "त्या दुसऱ्याला कळत कसं नाही?" दुसरा सेट संपला तसा मी नेहमीप्रमाणे फोन बंद करायला हात पुढे केला.

"थांबा ना सर," ती म्हणाली, "पुढं काय होतं ते बघू दे."

मग लावला तिसरा सेट.