गुडघ्याखालचे घर

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती दिला गेला, त्यावर औषधांच्या यादीखाली तीन ओळी जाड अक्षरांत छापलेल्या होत्या : वाकू नये, दोन किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये, कंबरेतून वळू नये. मुदत बारा आठवड्यांची होती. वाचताना ते अवघड वाटले नाही. जड वस्तू उचलायला घरात इतर माणसे होती आणि वळायचे तर पावले उचलून वळता येते. राहिले फक्त वाकणे. आपल्या घरांतला किती कारभार कंबरेच्या खाली चालतो, हे मला डोंबिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या दारातच कळले, कारण पायांतली चप्पल काढून रॅकच्या तळच्या कप्प्यात कोण ठेवणार, हा पहिला प्रश्न तिथेच उभा राहिला.

दुखणे तसे नेहमीचेच होते. कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फाटून तिच्यातला मऊ गर बाहेर आला होता आणि डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला होता. कळा मी आठ महिने गोळ्यांवर आणि शेकावर काढल्या, पण शाळेचा जिना चढताना डाव्या पायातली चप्पल मागे राहू लागली आणि मला त्याचा पत्ताही लागेना. चार पायऱ्या वर गेल्यावर एखादी मुलगी ‘बाई, तुमची चप्पल’ म्हणत ती हातात घेऊन यायची. डॉक्टरांनी पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला आणि स्वतःच्या एका बोटाने तो सहज खाली दाबला, तेव्हा आणखी थांबण्यात अर्थ नाही हे त्यांनी सांगण्याआधीच मला समजले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली, जेमतेम तीन सेंटीमीटरच्या छेदातून, बाहेर आलेला तो तुकडा काढला गेला. दुसऱ्या दिवशी मी चालले. पायातली कळ शुद्धीवर येतानाच गेलेली होती, पण पावलाचा बधिरपणा तसाच राहिला. नसेतले दुखावलेले तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, असे डॉक्टर म्हणाले. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर मीटरभर धरले तर होणारे उत्तर मी, गणिताची शिक्षिका असल्यामुळे, तिथल्या तिथे काढले आणि कोणाला सांगितले नाही.

घरी येताच पहिला फरक पलंगात पडला. त्याच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे सरकवून तो उंच करण्यात आला, कारण खाली बसत जाण्यापेक्षा टेकणे बरे असते. उठायचे तर आधी ओंडक्यासारखे सगळे अंग एकदम कुशीवर वळवायचे, मग पाय कडेवरून खाली सोडत कोपराच्या रेट्याने धड वर आणायचे, आणि पट्टा बांधल्याशिवाय जमिनीवर पाऊल टाकायचे नाही. पहिला आठवडाभर पहाटे स्वच्छतागृहात जाण्याच्या या तयारीला मला घड्याळाने चार मिनिटे लागत होती. तिथे बसण्यासाठी आणलेली कमोडची खुर्ची तळमजल्यावरच्या आजोबांची होती. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. खुर्ची मात्र तेव्हापासून इमारतीत फिरते आहे, आणि आमच्याकडे येण्याआधी ती कोणाकोणाकडे होती याची वंशावळ मला समोरच्या काकूंनी, मी तिच्यावर बसायच्या आधीच, सविस्तर ऐकवली.

एका वेळी वीस मिनिटांहून अधिक बसायचे नाही, या नियमामागचे कारण मला व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने आकड्यांत सांगितले आणि म्हणूनच ते पटले. आल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडिश शल्यविशारदाने 1960 च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. उभे असतानाचा दाब 100 धरला, तर उताणे पडल्यावर तो साधारण 25 असतो, बसल्यावर 140 होतो आणि बसून पुढे झुकले की 185 पर्यंत जातो. 1999 मध्ये झालेल्या नव्या मोजणीत मात्र सैल, आरामात बसलेल्या माणसाच्या गादीवरचा दाब उभ्या माणसापेक्षा कमीच भरला, असेही ती म्हणाली; पण पुढे झुकणे वाईट, याबद्दल दोन्ही मोजण्यांचे एकमत आहे. बसून पुढे झुकणे म्हणजे विळीवर भाजी चिरणे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहिले. मी ते आकडे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचे वय 81 आहे आणि त्या वेळी त्या जमिनीवर मांडी घालून, विळी पायाखाली धरून गवार मोडत होत्या.

“आम्ही कधी वाकलोच नाही गं,” त्या वर न बघता म्हणाल्या. “माझ्या सासरी चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, जातं जमिनीवर. सगळी कामं बसूनच. ओटा आला आणि तुमचं वाकणं सुरू झालं.”

स्वीडनच्या मोजणीपुढे हा मुद्दा टिकणार नाही हे मला माहीत आहे, पण स्वयंपाकघराच्या इतिहासाविषयी इतके नेमके वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. आमचा ओटा उभ्याने काम करण्यासाठी आहे, मात्र कुकर, कढई, परात आणि तांदळाचा डबा ही सगळी मंडळी ओट्याखालच्या ट्रॉलीत, म्हणजे गुडघ्याच्या खाली राहतात. यजमानांनी एका रविवारी रोजची भांडी कंबर ते खांदा एवढ्या पट्ट्यात आणून ठेवली. त्यासाठी वरचे लोणच्याचे सट आणि दिवाळीचे साचे खाली गेले, आणि तेव्हापासून घरात कोणालाच काही सापडत नाही.

मांडणी बदलली तरी वस्तू खाली पडायच्या थांबत नाहीत. आपल्या हातून दिवसात किती वस्तू पडतात हे, त्या उचलता येत असतात तोवर, लक्षातच येत नाही. रक्तदाबाची गोळी, चष्म्याचे घर, मोबाइल, सेफ्टी पिन. गॅलरीतले कपड्यांचे चिमटे एकेक करून पडत गेले आणि चौथ्या दिवशी तिथे अकरा चिमटे झाले, कारण प्रत्येकासाठी हाक मारायची लाज वाटत होती. मोठ्या वस्तूंसाठी फुले तोडायची आकडी कामाला आली आणि लहान वस्तूंसाठी मी सांडशी वापरायला शिकले, पण त्यासाठी पाठ ताठ ठेवून भिंतीला धरून गुडघ्यांत बसावे लागे, आणि तेही सहाव्या आठवड्यानंतर. तोवर वस्तू पडली की सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठायच्या, ती उचलून माझ्या हाती द्यायच्या आणि पुन्हा खाली बसायच्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने चोपन्न वर्षांच्या सुनेसाठी दिवसातून वीस वेळा खाली जावे, हे मला पाहवत नसे. मी दुसरीकडे बघत राहायची.

एकदाच चूक झाली. पाचव्या आठवड्यात सकाळी दार उघडले, समोर वर्तमानपत्र पडलेले होते आणि तीस वर्षांच्या सवयीने मी सरळ वाकले. अर्ध्यावर गेल्यावर आठवले. तशीच चौकट धरून उभी राहिले. कळ आली ती फारशी नव्हती, पण घाम फुटला. डॉक्टरांनी फोनवर खडसावले आणि दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितले. काही झाले नाही. मात्र समोरच्या काकूंनी त्यांच्या दाराच्या भिंगातून तो प्रकार पाहिलेला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून पेपर टाकणारा मुलगा, मी काही न सांगता, आमचा अंक सेफ्टी डोअरच्या गजांत खोचून जाऊ लागला. फुलपुडीवाल्यानेही पुडी कडीला वरच्या बाजूला अडकवायला सुरुवात केली. इमारतीत बातमी फिरण्याचा मला आयुष्यभर त्रासच झाला होता. तिचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

भेटायला येणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. मणक्याचे ऑपरेशन झाले की माणूस कायमचा आडवा होतो, असे माझ्याच उशाशी उभे राहून सांगणारे तिघे आले. तेलाच्या बाटल्या चार जमल्या. त्या मी न उघडता ट्रॉलीत, अर्थात खालच्या, ठेवून दिल्या आहेत.

चालणे मात्र रोज वाढत गेले. आधी खोल्यांतून, मग पावसाची उघडीप बघून गच्चीवर, आणि जिन्याच्या 38 पायऱ्या जमू लागल्यावर रस्त्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडचे रस्ते ज्या अवस्थेत असतात, त्यात बधिर पाऊल कुठे पडते आहे हे डोळ्यांनी बघूनच ठरवावे लागते. सातव्या आठवड्यात मी फडके रोडच्या टोकाच्या गणेश मंदिरापर्यंत पोहोचले. हे संस्थान 1924 चे. इतक्या वर्षांत माझ्यासारखी ताठ उभ्यानेच हात जोडणारी माणसे तिथे बरीच येऊन गेली असतील, तरी मागच्या बाई जरा नाराजीनेच बघत होत्या असे मला वाटले.

गौरी आल्या त्या दिवशी मात्र एक गोष्ट अडली. एम. आर. आय. आणि शस्त्रक्रियेसाठी अंगावरचे सगळे धातू काढावे लागतात. मंगळसूत्र घरी आल्या दिवशीच पुन्हा गळ्यात गेले, कारण गळा हाताशी आहे. जोडवी कपाटातल्या डबीत राहिली. यजमानांनी दोनदा प्रयत्न केला, पण ती कशी दाबायची हे त्यांना कळेना आणि त्यांनी ती सोनाराकडे नेण्याचा विचार बोलून दाखवला. सासूबाईंनी डबी मागून घेतली, पलंगाच्या कडेला मला टेकायला सांगितले आणि स्वतः माझ्या पायांशी जमिनीवर बसल्या. मी पाय मागे ओढले. “आई, तुम्ही माझ्या पायांना हात नका लावू,” म्हटले.

“पाय वर ओढू नकोस, कंबर दुखेल,” त्या म्हणाल्या आणि उजवे पाऊल मांडीवर घेतले. चांदीचा गार स्पर्श बोटाला कळला, मग तिचे आवळणेही कळले. डाव्या पायाच्या वेळी मी वाट बघत राहिले. थोड्या वेळाने त्या ओच्याला हात पुसू लागल्या, तेव्हा जोडवे घालून झाले का, हे मला त्यांना विचारावे लागले.

“केव्हाच,” त्या म्हणाल्या.